जे चांगलं ते सरांचं

९ जानेवारी, गुरुवार
तीन दिवस मागे लागल्यावर आज सर सापडले. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाले, "अगो मृणाल, शिफारसपत्र ना? तूच लिही की. तुझं तुला जास्त माहीत. मी सही करतो." दारापर्यंत गेले तर परत हाक. "आणि फार फुगवू नकोस हां. जर्मन लोक आहेत ते."

दोन वर्षं त्यांच्या लॅबमध्ये घासतेय. मला वाटलं होतं, पत्राच्या निमित्ताने दोन मिनिटं तरी विचार करतील की ही मुलगी आहे कशी. पण आमच्याकडे सगळ्यांचीच पत्रं अशी. मागच्या बॅचच्या एकीने 'हिचे चारित्र्य उत्तम आहे' असं स्वतःच स्वतःबद्दल लिहिलं होतं आणि ती आता तिकडे सुखात आहे.

केतकीलाही तेच उत्तर. ती बाहेर येऊन हसत सुटली. "माझं पण तूच लिही गं. माझं इंग्लिश तुला माहितीये." अकरावीपासून माहितीये.

११ जानेवारी, शनिवार
स्वतःचं पत्र. तीन तास गेले, नऊ ओळी झाल्या.

स्वतःबद्दल चांगलं लिहायला बसलं की आई मागे उभी आहे असंच वाटतं. कौतुक दुसऱ्याने करायचं, आपण 'छे, त्यात काय' म्हणायचं, हे तेवीस वर्षं शिकवलं. आता एका दुपारी उलटं कसं जमणार? शेवटी काय लिहिलं, तर 'मृणाल नियमित आहे. नमुने वेळेवर गोळा करते. स्वभावाने शांत आहे.' शांत! आईला वाचून दाखवलं असतं तर तिने पोळपाट टाकून हसून घेतलं असतं.

मग के.चं, म्हणजे केतकीचं घेतलं. पस्तीस मिनिटांत दीड पान. पेन थांबेना. प्रकल्प आम्हा दोघींच्या नावावर आहे. काजूच्या सालीचं तेल लावलेल्या लोखंडी पट्ट्या खाडीत टांगून ठेवायच्या, दर पंधरा दिवसांनी काढून गंज किती चढला ते मोजायचं. ती संगणकावर आलेख काढते, तेल आणि चिखल माझ्याकडे, कारण तेलाने तिच्या हातावर फोड येतात. माझ्याही येतात. असो.

तिच्या पत्रात घालायला तिच्या कामातलं काही डोळ्यांसमोर येईना. आलेखाबद्दल किती लिहिणार? म्हणून जुलैतला तो दिवस घातला. खाडीला उधाण होतं, होडी कुणी काढेना, आणि मी पूर्णगडला गुडघाभर चिखलात उभी राहून सोळा पट्ट्या काढल्या. त्या दिवशी के. पण येणार होती, तिला ताप होता. म्हणजे ताप नसता तर आलीच असती. म्हणून 'केतकी' लिहिलं. वाचून ती गळ्यात पडली.

शेवटचा परिच्छेद मात्र कंटाळा आला म्हणून दोघींना तोच.

१३ जानेवारी, सोमवार
कच्च्या वहीत डाव्या पानावर माझं, उजव्या पानावर के.चं, अशी वही सरांपुढे ठेवली. चहा पिता पिता बघितलं. माझ्या पानावर 'अतिशय मेहनती' होतं, त्यातलं 'अतिशय' लाल पेनाने खोडलं. के.च्या पानावर समासात 'छान' लिहिलं. दोन्हीखाली लाल सही.

"माझ्या मेलवरून पाठवून दे दोन्ही." पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला आहे, आमच्या आधीच्या चार बॅचना पाठ. सर तासाला गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसून टाइप केलं. सोबत भरायच्या फॉर्मवर खाली जर्मन विद्यापीठाचा प्रश्न होता, 'ही विद्यार्थिनी तुमच्या मते कशी?' आणि पुढे पाच चौकोन. के.ला 'सर्वोत्कृष्ट' दिलं. मला 'चांगली'. सर असते तर काय केलं असतं याचा विचार करून दिलं. मूर्ख आहे मी.

२ फेब्रुवारी, रविवार
पूर्णगड. शेवटच्या पट्ट्या काढल्या. बावामामांनी होडीतून नेलं. वर्षभर त्यांच्याच दोरावर माझ्या पट्ट्या टांगलेल्या होत्या, जाळ्याबरोबर त्यांनी त्यांचीही राखण केली.

"बाय, आता जर्मनीला जातंस म्हंजे हितलं खारं पानी नको झालं काय?"
म्हटलं, तिथे याच गंजाचं शिकवतात, पुढचं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्तीसकट.
"आमचं आजोबा ह्येच त्याल लावायचं होडीला. त्यांना कोन शिष्यवृत्ती देनार!"

तेल लावलेली पट्टी हातात घेतली तर नवी वाटत होती. नुसती पट्टी चाळण झालेली. घरी आई-अण्णांना दाखवली. अण्णांनीच मिरजोळ्याच्या वर्कशॉपमध्ये डबा खायच्या सुट्टीत एकेक करून शहाण्णव पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, कडा घासल्या. चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. "चाललं की गो तुझं तेल," एवढंच म्हणाले. तेवढं पुरे होतं.

२० मार्च, गुरुवार
मुलाखत झाली, संगणकावरच. दोन बायका, एक गृहस्थ. तेलाबद्दल विचारलं, मी सुटलेच. वेळ संपली तरी त्यातल्या एक बाई अजून विचारत होत्या. बरी झाली. खरं म्हणजे फार चांगली झाली. इथे तरी लिहावं.

के.ची दुपारी झाली. संध्याकाळी फोनवर हसत सांगत होती, "अगं, त्यांनी चिखलाचं विचारलं! मी सांगितलं ना सगळं. उधाण, दोर, पाय रुतला ते. त्यांना जाम आवडलं."
पाय माझा रुतला होता. मीही हसले.

८ एप्रिल, मंगळवार
लॅब. वजनं घेतली. उकडून जीव जातोय. के.ने डब्यात कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी आणली होती, अर्ध्याहून जास्त मलाच वाढली. इतकी कशाला म्हटलं, तर "खा गं" म्हणाली. विशेष काही नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
के.ची निवड झाली!! शिष्यवृत्तीसकट. त्यांच्या आंब्याच्या बागेतून थेट आमच्याकडे आली, पेढे घेऊन. आईच्या पाया पडली. माझंही एकदोन दिवसांत येईल म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. दमली असेल. हापूसचा हंगाम, घरी माणसं कमी, सकाळपासून पेट्या भरत होती.

आनंद झालाय मला. अगदी खरा. पेढा अर्धाच खाल्ला, तेही खरं.

२२ एप्रिल, मंगळवार
आलं.

निवड नाही, नकारही नाही. दोन शिफारसपत्रांत एक परिच्छेद शब्दशः तोच आढळला. पत्र देणाऱ्या प्राध्यापकांकडे आम्ही विचारणा केली. त्यांनी कळवलं आहे की तुमच्या नावाचं पत्र त्यांचं नाही. ६ मेपर्यंत खुलासा द्या, अन्यथा अर्ज बाद.

चार वेळा वाचलं. 'त्यांचं नाही.'

आईने विचारलं, काय गो, आलं काय? नाही म्हटलं.

२३ एप्रिल, बुधवार
सरांचा फोन लागत नाही. कॉलेजला नाहीत. पुतणीच्या लग्नाला चिपळूणला, शनिवारी येतील म्हणे.

के.ला घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर गेले. सगळं सांगितलं. तिने डोळे मोठे केले. "सर असं कसं करतील? काहीतरी गैरसमज असेल." माझा हात धरून बसली होती. भेळ घेतली, खाल्ली दोघींनीही नाही. मी रडले. ती माझे केस सारखे करत होती. म्हणाली, "मी नाही जात तुझ्याशिवाय." बरं वाटलं. तेवढीच एक आहे मला.

२६ एप्रिल, शनिवार


सर आले. म्हटलं, सर, तुम्ही असं का कळवलंत? आधी त्यांना आठवेचना. मग म्हणाले, "हां हां, ते जर्मनीचं. आलं होतं काहीतरी. मी कुठे लिहितो गो तसली उत्तरं? केतकी होती समोर. तिलाच म्हटलं, तू देऊन टाक. काय लिहिलंन तिने?"

काय लिहिलंन तिने.

सर आत गेल्यावर त्यांच्या संगणकावर पाठवलेल्या मेल उघडून बघितल्या. ८ एप्रिल, सकाळी अकरा चाळीस. 'केतकीविषयीचे पत्र माझे आहे. दुसऱ्या पत्राशी माझा संबंध नाही. सदर विद्यार्थिनीने विभागाच्या संगणकाचा परस्पर वापर केला असावा.' खाली सरांचं नाव, पद, सगळं व्यवस्थित.

घरी येऊन ८ तारखेची नोंद काढली. 'फणसाच्या कुयरीची भाजी. विशेष काही नाही.' अकरा चाळीसला मी भिंतीपलीकडे काचेची भांडी विसळत होते. दीड वाजता तिने मला भाजी वाढली.

पेढेसुद्धा आणले. आईच्या पायासुद्धा पडली. मांडवीला माझे केस सारखे केले.

परस्पर वापर केला असावा!! कुणी? मी? मग तू कुठे बसून लिहीत होतीस तेव्हा?

२७ एप्रिल, रविवार
बागेत गेले तिच्या. तिची आई गवतात आंबे लावत बसलेली. "ये ये मृणाल, ह्यातला आंबा घे." के. माझा चेहरा बघून उठली आणि मला विहिरीकडे घेऊन गेली.

मला वाटलं होतं नाही म्हणेल. म्हणाली नाही. म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं, यातलं तुमचं कुठलं. मी सरांना विचारलं, काय लिहू. सर म्हणाले, 'जे चांगलं असेल ते माझं म्हणून सांग.' मग मी काय करणार होते?"

जे चांगलं असेल ते माझं.

"दोन्ही त्यांचीच म्हणून सांगायचंस."
"परिच्छेद तोच होता, मृणू. दोघींचं गेलं असतं. एकीचं तरी राहू दे म्हटलं."
"ती एक तूच कशी?"
मग रडायला लागली. रडता रडता जे म्हणाली ते जन्मभर विसरणार नाही. "तू स्वतःचं पत्र वाच एकदा. किती कोरडं लिहिलंयस. त्या पत्रावर तुला तशीही कुणी घेतली नसती."

मुलाखतीचं तिला ठाऊक होतं. त्या बाई वेळ संपूनही विचारत होत्या हे मी तिलाच पहिलं सांगितलं होतं. तरी म्हणाली.

निघताना तिच्या आईने पिशवीत डझनभर आंबे दिले. नको म्हणता येईना, तिला बिचारीला काय माहीत. आणले घरी. खाणार नाही मी. आई म्हणते आढीत टाकू.

२८ एप्रिल, सोमवार
घरी सांगितलं.

आई रडली, मग लगेच उपाय. "सरांच्या घरी जाऊ, पाया पड, मोठी माणसं विरघळतात." मी ओरडले. पाया कशासाठी पडू? मी काय केलंय?

अण्णा जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "त्या केतकीबद्दल मला बोलायचं नाही. पण पट्टी एकदा तरी हातात धरलीन का तिने?" आणि आत गेले. टीव्ही लावला नाही आज.

सगळ्यात वाईट मला अण्णांचं वाटतं. शहाण्णव पट्ट्या.

३० एप्रिल, बुधवार
घरात बसवेना म्हणून पूर्णगडला गेले. काम काहीच नव्हतं. बावामामा किल्ल्याखाली जाळं शिवत होते. तोंड बघून ओळखलं.

विचारलं, "मामा, माझ्याबरोबर दुसरी मुलगी कधी आली होती का हो?"
"कोन दुसरी? मी तर तुलाच बघितली. पावसात त्या चिखलात उभी व्हतीस, मी काठावरनं बोंबलत व्हतो, मागं हो, मागं हो. आयकलंस काय माझं?"

नाही ऐकलं. आणि त्याच दिवसावर केतकीचं नाव मी माझ्या हाताने घातलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मैत्री, ताप, कंटाळा, काय वाट्टेल ते म्हणा, पण ते खोटं माझंच आहे. तिने ते उचललं, पाठ केलं, मुलाखतीत सांगितलं आणि माझ्या अंगावर फेकलं. मला राग येतो तो आधी तिचा, मग सरांचा, आणि परतीच्या एसटीत बसलं की माझा.

मामांनी दोन बांगडे पानात बांधून दिले. आईने तळले. जेवले पोटभर, चार दिवसांनी.

३ मे, शनिवार
सरांचा फोन! स्वतःहून. कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, बहुतेक के.ने. आवाज मऊ.

"अगो, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी खुलासा पाठवतो ना त्यांना. माझ्या नावाने, माझ्या मेलवरून. कुणाचंच नुकसान होणार नाही असा. सोमवारी ये लॅबला." मला खरंच भरून आलं. थँक्यू सर म्हणणार होते.
मग म्हणाले, "मसुदा तूच तयार कर."

फोन ठेवल्यावर हसायला लागले ते थांबेना. आई घाबरून बाहेर आली.

४ मे, रविवार
के.चा मेसेज. 'सर सांगतील तसं कर प्लीज. माझ्या व्हिसाची तारीख आलीये.' वर एक जुना फोटो, आम्ही दोघी लॅबच्या ऍप्रनमध्ये. उत्तर दिलं नाही.

कच्ची वही शोधली. आहे. डावं पान, उजवं पान, दोन्ही माझ्या अक्षरात. लाल पेनाने खोडलेलं 'अतिशय'. समासातलं 'छान'. दोन्हीखाली सरांची सही. फोटो काढून ठेवले.

अण्णांना दाखवली. त्यांनी के.चं पान पूर्ण वाचलं, सावकाश, बोट फिरवत. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण चिखलाचं त्यांना कळलं. "हे तुझं आहे गो," म्हणाले. मी हो म्हटलं. "मग असं दुसरीच्या नावावर कशाला दिलंस?" मी वही मिटली.

५ मे, सोमवार
लॅब रिकामी, सुट्टी लागलीय. सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "बस. झालं की पाठवून दे. मी जरा परीक्षा विभागात जाऊन येतो."

दोन मेल उघडल्या, एक त्यांची, एक माझी.

त्यांच्या मेलमध्ये लिहिलं: दोन्ही पत्रं माझीच आहेत. दोन्ही विद्यार्थिनी एकाच प्रकल्पावर होत्या, पत्रं एकाच दिवशी लिहिली, त्यामुळे एक परिच्छेद तोच आला. आधीचं उत्तर घाईत गेलं, त्याबद्दल दिलगीर आहे. हे गेलं तर के. जाईल, बहुधा मीही जाईन. विमानात कदाचित शेजारी बसू. ती मला डब्यातली भाजी देईल.

माझ्या मेलमध्ये लिहिलं: दोन्ही पत्रं मी लिहिली. सरांनी चहा पिता पिता सही केली. ८ एप्रिलचं उत्तर केतकीने लिहिलं. चिखलात मी होते, ते तिच्या नावावर मीच घातलं. वहीचे फोटो जोडले. हे गेलं तर सरांचं काय होईल माहीत नाही, के.चं जाईल, आणि स्वतःचं पत्र स्वतः लिहिणारी, वर मैत्रिणीसाठी खोटं लिहिणारी मुलगी त्यांना कशाला हवी असेल? सगळ्यात आधी माझंच जाईल.

पहिली मेल लिहायला दहा मिनिटं लागली. दुसरीला दीड तास. स्वतःबद्दल लिहायला मला अजून जमत नाही. पण या वेळी 'अतिशय मेहनती' लिहिलं आणि ठेवलं.

सर आले तेव्हा त्यांची मेल पुसून, माझी पाठवून मी संगणक बंद करत होते.
"गेलं काय गो?"
"गेलं."
"बरं झालं. सुटलीस एकदाची. कुणाला काही त्रास नाही ना?"
मी पिशवीत वही भरत होते. सरांनी चहा मागवला, दोघांना. काय लिहिलंस, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.